डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती ‘नाही’ म्हणाली

मागच्या जूनमध्ये छातीच्या डॉक्टरांनी बायकोला विचारलं, "घरात कोणी सिगारेट ओढतं का?" ती "नाही" म्हणाली. मी शेजारच्याच खुर्चीत होतो आणि माझ्या खिशात पाकीट होतं. डॉक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळले, कबुतरांच्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, खोटं का बोललीस? म्हणाली, "तुम्हाला त्यांच्यासमोर बोलणी बसली असती." नाकात ऑक्सिजनची नळी लागायला तेव्हा अजून महिना होता, तरी ओपीडीचा जिना उतरताना ती दोनदा थांबली होती.

तिला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस आहे. ठाण्या-मुंबईत आता हे नाव बऱ्याच घरांना माहीत झालंय. कबुतरांच्या विष्ठेतले, पिसांमधले बारीक कण वर्षानुवर्षं श्वासातून आत जातात, काही जणांचं शरीर त्यांच्याशी झुंजत बसतं आणि फुप्फुसाला सूज येते. सूज जुनी झाली की फुप्फुस कडक होत जातं, ते फायब्रोसिस. कडक झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही. वर्तकनगरच्या आमच्या घरात बेडरूमच्या एसीमागे नऊ वर्षं कबुतरं होती आणि दर रविवारी ती जागा तीच धुवायची. जाळी बसवली, ती निदान झाल्यावर.

म्हणजे कारण कबुतरं, माझी सिगारेट नव्हे. डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगितलं तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की त्या संध्याकाळी मी नेहमीपेक्षा दोन जास्त ओढल्या. धुराने तिची आहे ती खराबी वाढेल, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं होतं. ते वाक्य मी ऐकलं होतं, पण धरून ठेवलं ते पहिलंच.

घरी दोन प्रकारचे लोक येत. एक मेव्हण्यासारखे. "तुमच्या धुरानेच झालं हे," असं ते तोंडावर म्हणायचे. दुसरी माझी थोरली बहीण. ती मला बाजूला घेऊन म्हणायची, "आत्ता नको सोडूस रे. एवढं टेन्शन आहे डोक्याला. वहिनी जरा सावरू दे, मग बघ." दोघांचाही जीव आमच्यावर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मेव्हण्याचं बोलणं चुकीचं आहे एवढं धरून मी ओढत राहिलो आणि ताईचं बोलणं प्रेमाचं आहे म्हणूनही ओढत राहिलो. माझं मत आज पक्कं आहे: घरात मोठं आजारपण असताना माणसाला दोष देऊनही सिगारेट सुटत नाही आणि सूट देऊनही सुटत नाही. त्याला उपचार लागतो. तापाला लागतो तसाच.

टेन्शनचं म्हणाल तर, रात्रभर जागून मी टपरीवर पहिला कश घ्यायचो तेव्हा छाती हलकी झाल्यासारखी वाटायची. ते हलकेपण कुठून येतं ते मला खूप उशिरा कळलं. रक्तातलं निकोटीन दोनेक तासांत निम्म्यावर येतं, मग जीव कासावीस होतो, पुढची सिगारेट ती कासाविशी शमवते. आजारपणाचं टेन्शन जिथल्या तिथेच राहतं. मी मात्र दिवसातून पंधरा वेळा सिगारेटनेच आणलेली तलफ सिगारेटने भागवत होतो आणि त्याला आधार समजत होतो.

ऑगस्टमधली एक रात्र सांगतो. तोवर घरात ऑक्सिजनचं मशीन आलं होतं. ते हवेतला नायट्रोजन वेगळा काढून ऑक्सिजन देतं आणि विजेवर चालतं, म्हणून लाइट गेली तर असावा म्हणून एक सिलिंडर ठेवलेला असतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सोबतीने केस, साडी, चादर क्षणात पेट घेतात, त्यामुळे मशीनजवळ विडी-काडी नाही, गॅसची शेगडीसुद्धा लांब. मी ते काटेकोर पाळायचो. घरात कधीच ओढायचो नाही. साडेदहाला "कचरा टाकून येतो" म्हणायचो आणि खाली जायचो.

त्या रात्री मी टपरीवर असताना लाइट गेली. लिफ्ट बंद. चार मजले धावत चढलो, दार उघडलं, पण मला बोलता येईना. ती अंधारात पलंगाच्या कडेला हात टेकून बसली होती, ओठ आवळून फुंकर मारल्यासारखा श्वास सोडत होती, फिजिओथेरपिस्टने शिकवला होता तसा. सिलिंडरची चावी तिच्या हातात होती, फिरवायला जोर नव्हता. मी चावी घेतली तर माझेही हात थरथरत होते. बोटाला यंत्र लावलं, ऑक्सिजन एक्क्याऐंशी. सिलिंडर सुरू झाल्यावर पाच-सहा मिनिटं आम्ही दोघं समोरासमोर धापा टाकत होतो. तिला दम लागला होता आजाराने. मला सिगारेटने.

तुम्हाला वाटेल त्याच रात्री सोडली. नाही. सकाळी दूध आणायला गेलो आणि ओढली. म्हणूनच म्हणतो, धक्क्यावर विसंबू नका. धक्का रात्रभर टिकतो, तलफ सकाळी पुन्हा येते.

सोडली सप्टेंबरमध्ये आणि सुरुवात झाली पाकिटावरच्याच नंबराने. 1800-11-2356, तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा. 2018 पासून प्रत्येक पाकिटावर छापलेला आहे, चित्राखाली, आणि मी ते रोज उघडत होतो. फोन मोफत आहे. मराठीत बोलणारी मुलगी मिळाली. तिने मला एकदाही रागावलं नाही. उठल्यावर किती वेळात पहिली ओढता, हे विचारलं. दहा मिनिटांत, म्हणालो. सोडायची तारीख माझ्याकडूनच ठरवून घेतली आणि पुढे स्वतःहून फोन करत राहिली. मग मी आमच्या साध्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर निकोटीनचं गम चार मिलिग्रॅमचं, नाहीतर दोनचं, हे त्यांनी सांगितलं. गम नेहमीच्या च्युइंगगमसारखं चघळत राहायचं नसतं. चार-सहा वेळा चावायचं, जिभेला झणझणलं की गालात दाबून ठेवायचं, झणझण ओसरली की पुन्हा चावायचं. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. पहिले दोन दिवस मी ते कटिंग चहाबरोबर चावत होतो. उचक्या लागल्या, पोट जळलं आणि तलफ तशीच. हे सगळं इतक्या तपशिलात लिहितोय, कारण याच ठिकाणी "गमने काही होत नाही" म्हणून लोक परत टपरीवर जातात. गोळ्याही आहेत, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन. डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने घेऊ नका.

पहिले तीन दिवस सर्वांत वाईट. चौथ्या दिवशी गोळ्यांचा डबा सापडेना म्हणून मी बायकोवर ओरडलो. श्वासासाठी झगडणाऱ्या बाईवर. ही गोष्ट मला आजही टोचते. तिने डबा उशीखालून काढून दिला आणि म्हणाली, "ओरडलात तरी चालेल. खाली नका जाऊ." तिने सिगारेटबद्दल काही मागणं मागितलेलं लग्नाच्या सव्वीस वर्षांत मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

नोव्हेंबरात तिची सहा मिनिटं चालण्याची चाचणी उन्हाळ्यापेक्षा खूप कमी आली. एकेकाळी तलावपाळीच्या दोन फेऱ्या सहज मारणारी बाई. त्या दिवशी रुग्णालयाबाहेर मी एक ओढली. फोनवरच्या मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, एक झाली म्हणजे सगळं गेलं असं नाही, दुसरी ओढू नका. दुसरी ओढली नाही. सप्टेंबरपासून आता सात महिने झाले.

माझा आग्रह रुग्णालयांना आहे. दहा महिन्यांत मी तिच्यासाठी पंचवीसेक कागदांवर सही केली. नातेवाइकाचं नाव, नातं, मोबाइल. तिला घरी उचलणारा, सिलिंडर उघडणारा, रात्री जागणारा मीच, आणि मला थेट कोणी कधी विचारलं नाही. कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या गेटबाहेर रात्री जाऊन बघा, धूर काढत उभे असतात ते बहुतेक आतल्या पेशंटचे नवरे, भाऊ, मुलगे. त्यांच्याकडे बघून मान हलवणं सोपं आहे. पेशंटच्या फाइलमध्येच एक ओळ घाला: सोबतचा माणूस तंबाखू घेतो का? आणि ते पेशंटला नका विचारू. ती सांभाळून घेईल. त्यालाच विचारा, बाजूला घेऊन, आणि लगेच मदत द्या.

सिलिंडरची चावी आता दाराच्या खिळ्याला टांगलेली असते आणि समोरच्या काकूंनाही ती फिरवायला शिकवली आहे. कोणी असाच घरी पेशंट आणि खिशात पाकीट घेऊन बसलं असेल तर मेसेंजरवर लिहा. मी रात्री साडेनऊनंतर उत्तर देतो, ती झोपल्यावर. रविवारी थोडा उशीर होतो, त्या दिवशी मशीनचा फिल्टर धुवायचा असतो.