मेघनाद साहा खासदार झाले आणि 'वाया गेले'? अजिबात नाही

मेघनाद साहांवरचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपात फिरतोय आणि चांगली शिकलेली माणसंसुद्धा हळहळ व्यक्त करत तो पुढे ढकलतायत. सार असं, की हा बंगाली शास्त्रज्ञ नोबेलच्या दारात उभा होता, पण राजकारणाचा नाद लागला, नेहरूंनी तिकीट देऊन खासदार केलं, विज्ञान सुटलं, मग संसदेत बसून कुणीच वापरत नाही असं एक कॅलेंडर काढलं आणि उरलेला वेळ होमी भाभांवर जळण्यात गेला. मला हे वाचून खरंच राग आला, कारण साहांचा खासदारकीचा काळ हा त्यांच्या आयुष्यातला पडता काळ नव्हताच.

नोबेलचं आधी बघू. ज्या आयनीकरणाच्या (म्हणजे उष्णतेने अणूतले इलेक्ट्रॉन सुटण्याच्या) समीकरणामुळे साहांचं नाव जगभर झालं ते 1920 चं, तेव्हा ते सत्तावीसचेही नव्हते. ताऱ्याच्या प्रकाशात कुठल्या मूलद्रव्याच्या रेषा दिसतात आणि किती ठळक दिसतात यावरून त्या ताऱ्याचं तापमान सांगता येतं, ते या समीकरणामुळे, आणि खगोलशास्त्र शिकणाऱ्या पोरांना ते आजही शिकावंच लागतं. 1927 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. नोबेलसाठी त्यांचं नाव 1930 पासून अनेकदा सुचवलं गेलं आणि दर वेळी मागे पडलं. लोकसभेत गेले 1952 ला, म्हणजे शोधानंतर 32 वर्षांनी. मग राजकारणामुळे नोबेल हुकलं हे कुठल्या हिशोबाने?

आणि विज्ञान सुटलं म्हणणाऱ्यांनी हेही बघा, कोलकात्यात त्यांनी उभी केलेली इन्स्टिट्यूट ऑफ न्यूक्लिअर फिजिक्स जानेवारी 1950 मध्ये सुरू झाली, उद्घाटनाला मादाम क्यूरींची मुलगी आयरीन जोलिओ-क्यूरी आल्या होत्या, आणि 1953 पासून, म्हणजे खासदार असतानाच, इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सचे संचालकही साहाच होते.

तिकिटाची गोष्ट तर सरळ खोटी आहे. साहा काँग्रेसचे उमेदवार नव्हतेच. उत्तर-पश्चिम कोलकात्यातून ते अपक्ष उभे राहिले, डाव्यांच्या पाठिंब्यावर, आणि काँग्रेसच्या विरोधात निवडून आले. प्रचाराला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी उष्णतेवरच्या आपल्या पाठ्यपुस्तकाच्या प्रकाशकाला पत्र लिहिलं, की मी लोकसभेला उभा राहतोय, पाच हजार रुपये ॲडव्हान्स द्या. ज्याला वरून तिकीट मिळतं त्याच्यावर पुस्तकाच्या रॉयल्टीपोटी उचल मागायची वेळ येते का?

नेहरूंशी त्यांचा संबंध होता, पण मेसेजमध्ये म्हटलाय त्याच्या बरोबर उलटा. 1938 ला सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना देशासाठी नियोजन समिती हवी हा धोशा साहांनी लावला. समितीचं अध्यक्षपद विश्वेश्वरय्यांकडे (तेच, आपल्या खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांवाले) जाणार होतं, पण वजनदार राजकीय नेता नसेल तर अहवाल कपाटात पडेल हे साहांनी ओळखलं, विश्वेश्वरय्यांनीही मोठ्या मनाने बाजूला व्हायचं मान्य केलं, आणि नेहरूंनी हे पद घ्यावं म्हणून रवींद्रनाथांनी शब्द टाकावा यासाठी साहा शांतिनिकेतनला गेले. म्हणजे नेहरूंना खुर्चीवर बसवायला धडपडले साहा, आणि पुढे त्याच नेहरूंवर संसदेत समोरच्या बाकांवरून टीका करणारेही साहाच.

'नाद लागला' हेही पटत नाही. ढाक्याजवळच्या शेवडातली गावात छोट्या दुकानदाराच्या घरी जन्म, पावसाळ्यात सगळीकडे पाणी, होडीशिवाय हलता येत नाही असा तो मुलूख. 1905 ला बंगालच्या फाळणीच्या दिवसांत गव्हर्नर फुलरच्या भेटीवर बहिष्कार टाकला म्हणून या बारा वर्षांच्या पोराची शाळाही गेली आणि स्कॉलरशिपही. नंतर कोलकात्याच्या हॉस्टेलमध्ये जातीमुळे पंगतीला इतरांबरोबर बसू दिलं नाही. अशा माणसाला राजकारण साठीत कळलं असं म्हणायचं म्हणजे त्याचं आयुष्यच न वाचणं.

पुराचं काम तर त्या मेसेजमध्ये एका शब्दानेही नाही. 1943 मध्ये बंगालच्या दामोदर नदीला पूर आला आणि ऐन महायुद्धात कोलकात्याचा रेल्वे आणि रस्त्याचा संपर्क तुटला. चौकशी समितीत साहा होते. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर पूर, वीज, सिंचन, सगळं एकाच प्राधिकरणाखाली आणा असा त्यांचा आग्रह, आणि दिल्लीत ही योजना पुढे नेली ती तेव्हाचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 1948 ला दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन झालं. हे आपल्याकडच्या किती जणांना माहितीये? लोकसभेत साहा नद्या, पूर्व बंगालमधून आलेले निर्वासित, शिक्षण, उद्योग यांवर बोलत राहिले, ते या सगळ्या कामाच्या जोरावर.

आता कॅलेंडर. 1952 मध्ये नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष साहा होते हे खरं, पण ते 'काढलेलं' कॅलेंडर नव्हतं, देशभरातल्या जवळपास तीस पंचांगांचा अभ्यास होता, आणि त्यात पुण्याचे केसरीचे माजी संपादक ज. स. करंदीकर आणि नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी हे आपले दोघेही होते. प्रश्न अगदी घरगुती आहे, तिळगूळ आपण 14-15 जानेवारीला वाटतो आणि उत्तरायण सुरू झालं म्हणतो, पण सूर्य उत्तरेकडे वळतो 21-22 डिसेंबरला. पंचांगाचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा साधारण वीस मिनिटांनी मोठं, त्यामुळे शतकानुशतकं साचत हा फरक 23 दिवसांवर गेला. समितीने शक वर्ष ठेवून महिने ऋतूंना बांधले आणि 22 मार्च 1957 पासून ते राष्ट्रीय पंचांग झालं. घराघरात ते रुजलं नाही हे मान्य, सण आपण जुन्याच तिथीने करतो. पण 'कुणीच वापरत नाही' हे चूक, राजपत्रावर ती तारीख असते, भिंतीवरच्या कालनिर्णयमध्येही 'भारतीय सौर' म्हणून छापलेली असते, उठून बघा.

राहिला भाभांचा विषय. मतभेद होते आणि चांगले कडक होते. साहांचं म्हणणं, आधी विद्यापीठांतून माणसं तयार करा, उद्योगाचा पाया घाला, आणि अणुऊर्जेचं काम गुप्ततेच्या पडद्याआड एका आयोगाच्या (ज्याचे अध्यक्ष भाभा होते) हातात देऊ नका. मे 1954 मध्ये त्यांनी हाच विषय लोकसभेत चर्चेला आणला आणि पंतप्रधानांना त्यावर सभागृहात बोलावं लागलं. भाभांनी जे उभं केलं ते बघता साहांचा सगळाच अंदाज बरोबर होता असं मी म्हणणार नाही, पण जनतेचा पैसा कुठे जातो हे खासदाराने विचारलं तर त्याला जळणं म्हणायचं? मग खासदार निवडून द्यायचाच कशाला?

16 फेब्रुवारी 1956 ला साहा गेले, दिल्लीत नियोजन आयोगाच्या ऑफिसकडे जाताना, वय 62, खासदारकीची मुदत अजून संपलेली नव्हती. तो मेसेज ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी निदान 1920, 1930 आणि 1952 ही तीन सालं त्याखाली लिहून परत पाठवावीत.