टँकरवाला आणि आमच्या काकू

15 जानेवारी 2026. लातूर महापालिकेचं मतदान करून आलो आणि बोटावरची शाई वाळायच्या आत समोरच्या काकूंशी भांडण झालं. भांडण म्हणजे मीच तणतणत होतो, त्या खाली मान घालून तूर सोलत होत्या.

मत कुणाला दिलं हे विचारू नये, कबूल. मी विचारलंच नव्हतं. त्यांनीच ओट्यावरून हाक मारली, "लेकरा, चारी बटणं दाबून आले बघ. पांढरं, गुलाबी, पिवळं, निळं. चारी त्याच्याच पॅनलची." प्रभागात चार जागा, म्हणून चार मतं, चार रंग. आणि त्याच्या म्हणजे टँकरवाल्याच्या!

लातूरकरांना 2016 काय सांगायचं? पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी, मिरजेहून रेल्वेनं पाणी, पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. त्या उन्हाळ्यात या गड्यानं गल्लीत टँकर लावला. स्वतःच्या पैशानं, पुढं स्वतःचा फोटो बांधून. टँकर 2016 चा, निवडणूक 2017 ची, एवढं तर कुणालाही कळतं. निवडून आला आणि गल्ली विसरला. कोपऱ्यावरची नाली तेव्हा तुंबायची, आजही तुंबते. 2022 पासून नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, ठीक आहे. त्याआधीची पाच वर्षं?

मी म्हणालो, "काकू, एका टँकरवर किती वेळा मत द्यायचं? नगरसेवकानं नळाचं बघायचं असतं."

"तवा नळ कुठं होता रे?"

काय बोलणार! आमच्या गल्लीचा हिशोबच असा. एकाच्या भाचीच्या लग्नाला उमेदवार येऊन गेला, झालं, पाच मतं पक्की. एकाला 'आपल्यातला' पाहिजे. पाकिटांचं लिहीत नाही, ज्यानं त्यानं आपला खिसा चाचपावा. आणि आमचे गुरुजी, जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं, ते सुट्टी बघून सकाळीच शेतात हुरडा खायला. आठ वर्षं नऊ महिन्यांनी निवडणूक आली आणि यांना आजच हुरडा! त्यापेक्षा काकू परवडल्या. गुडघे दुखत असताना दीड तास रांगेत उभ्या होत्या.

रांगेवरून आठवलं. खरं तर सकाळपासून तेच आठवतंय, लिहायचं टाळत होतो.

2016 च्या त्या एप्रिलात माझी मुलगी वीस दिवसांची होती. बायको बाळंतीण, मी ड्युटीवर. टँकरवर घरटी चार घागरी मिळायच्या. आमच्या घरून रांगेत जायला कुणी नव्हतं. काकू स्वतःच्या चारातल्या दोन घागरी आमच्या दारात आणून ठेवायच्या, वर पितळी ताटली झाकून. दीड महिना. दोन घागरीत त्यांचं कसं भागलं, हे मी आजवर विचारलेलं नाही. आणि आज मी एवढं तोंड वाजवलं तरी त्या बाईनं ते काढलं नाही. नुसतं म्हणाल्या, "पाणी दिलं त्यानं. इसरावं का?"

टँकर त्याचा होता, घागरी काकूंच्या होत्या. मला विचाराल तर मी काकूंनाच मत दिलं असतं, निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेतच.

तरी तो माणूस मला पटत नाही. नाहीच पटत. उद्या मोजणी आहे. तो आला तर मी गुलाल लावून घेणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. काकूंच्या हातचा पेढा मात्र खाईन.