काठी कोणत्या हातात?

परवा लातूरच्या गंजगोलाईत, म्हणजे आमच्या बाजारात, मेथीची जुडी घेत होते. भाजीवालीनं पैसे घ्यायच्या आधी माझ्या हाताकडं बघितलं अन् ओरडलीच, "अगं माय! बाई, तुम्ही काठी घेऊन चालायलाव?" ती माझी विद्यार्थिनी. चौथीत असताना सतराच्या पाढ्याला अडली की माझ्या हातातली छडी तिनं पुष्कळदा बघितलेली. त्यामुळं बाईंच्या हातात काठी दिसल्याचं तिला एवढं नवल वाटायचं कारण नव्हतं. पण तिच्या आवाजात नवल कमी अन् हळहळ जास्त होती. त्याच हळहळीला भिऊन मी चार वर्षं काठीला हात लावला नव्हता. म्हणून हे लिहायला बसले. जरा लांबेल, ज्यांचे गुडघे ठीक आहेत त्यांनी पुढं सरकावं.

निवृत्त झाले त्याच वर्षी उजवा गुडघा कुरकुरायला लागला. आधी फक्त जिना उतरताना. मग खाली बसून उठताना. मग सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की पहिली पाच-दहा पावलं लाकडाच्या पायानं चालल्यासारखी. एक्सरे काढला, "गॅप कमी झालाय" असं कळलं. आमच्याकडं त्याला "वाटी झिजली" म्हणतात, कुणी "वंगण संपलं" म्हणतं. खरं तर हाडांच्या टोकावर जी गुळगुळीत कूर्चा असते ती झिजते, सांध्याच्या कडेनं हाड वाढतं, आतलं अस्तर सुजतं. पण वंगण म्हटलं की तेल आठवतं, अन् तेल म्हटलं की प्रत्येकाकडं एक बाटली निघतेच. रुईची पानं गरम करून बांधली, एरंडाची बांधली, पट्टा लावला, मलम चोळलं. आठवडी बाजारातली पुडी तेवढी घेतली नाही. एका नातेवाईक बाईचं तोंड त्या पुडीनं चार महिन्यांत टम्म सुजलेलं मी बघितलं होतं. असल्या पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड निघतं.

चार वर्षांत मी तीन डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या मिळाल्या, एक इंजेक्शन झालं, "वजन कमी करा" झालं, "आज ना उद्या ऑपरेशन" झालं. काठी घ्या, असं एकही म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. त्यांना वाटलं असेल, बाईला वाईट वाटेल. मला वाटत होतं, विचारलं अन् हो म्हणाले तर?

आता खरं सांगते. आमच्याकडं पुरुषाच्या हातातल्या काठीला मान आहे. मामंजी फेटा बांधून, काठी टेकत पारावर जायचे तर लोक बाजूला सरकून जागा द्यायचे. त्यांच्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं बरं का, काठी नुसती शोभेला. बाईनं तीच काठी धरली की "थकली बिचारी." त्यात घरात लग्नाचा मुलगा. पाहुणे मुलगा बघायला येणार, अन् सासू काठी टेकत चहा घेऊन येणार? मुलीकडच्यांना वाटायचं, पोरीला आल्या दिवसापासून सासूची सेवा. मी काठीशिवाय चहा दिला, हसून बोलले, अन् ते गेल्यावर रात्रभर गुडघ्यावर शेक घेत बसले. लग्न ठरलं. "मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी" म्हणतात. माझी ती काठी आता हिंजवडीला आहे, दिवाळीला येते.

काठी नको म्हणजे आधार नको असं थोडंच असतं! भिंत धरत होते, कपाट धरत होते, नातीचा खांदा धरत होते, बाजारात ह्यांचं कोपर धरत होते. त्या दिवाळीत रंगवाला आला. स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंतच्या भिंतीवर कमरेच्या वर एक तेलकट काळपट पट्टा उमटलेला. त्यानं पत्रीनं तो घासत घासत अगदी सहज विचारलं, "घरात कोणी आजारी हाय का, मावशी?" मी त्याला पाणी द्यायच्या निमित्तानं आत गेले. अर्थात भिंत धरूनच.

त्यानंतर दारामागची मामंजींची काठी काढली. मामंजी सहा फुटी, मी पाच फुटाला दोन बोटं कमी. काठी मला जवळजवळ बरगडीपर्यंत येत होती. उजवा गुडघा दुखतो म्हणून उजव्या हातात धरली. यात विचार करण्यासारखं काय आहे, असंच वाटलं. दुखतं तिकडं आधार. तीन आठवड्यांत उजवा खांदा कानाला लागायला लागला, मान आखडली, गुडघा होता तसाच. मग मी घरात जाहीर करून टाकलं की काठीबिठीचा काही उपयोग नसतो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

पुढं खांद्यासाठी म्हणून सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीला गेले. तिथली मुलगी वयानं माझ्या शेवटच्या बॅचची वाटावी अशी. मी दारातून आत आले तेवढ्यावर ती म्हणाली, "काकू, तिथंच थांबा. काठी डाव्या हातात घ्या बरं." मी म्हटलं, "अगं पण दुखतो उजवा." "म्हणूनच डाव्या." खांद्याला हात लावायच्या आधी तिनं मला त्या व्हरांड्यात चार फेऱ्या मारायला लावल्या. काठी अन् उजवा पाय बरोबर पुढं, मग डावा. पहिल्या फेरीत पायात पाय. तिसऱ्या फेरीत लक्षात आलं की आपण एरवीही असंच चालतो. उजवा पाय पुढं जातो तेव्हा डावा हात पुढं येतो. काठी त्याच हातात दिली की चालण्याची लय मोडत नाही, दुखऱ्या पायावर भार येतो त्याच क्षणी पलीकडून हात थोडा भार उचलतो. दुखऱ्या बाजूलाच काठी धरली की अंग त्याच बाजूला झुकतं, म्हणजे ज्या गुडघ्याला वाचवायचं त्याच्याच डोक्यावर आपण जाऊन बसतो. दोन्ही गुडघे दुखत असतील तर जास्त दुखणाऱ्याच्या विरुद्ध हातात.

मग उंची. रोजच्या वापरातली चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात मोकळा सोडायचा. मनगटावर जिथं घडी पडते तिथपर्यंत काठीची मूठ यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. एवढंच. यंत्र नाही, तपासणी नाही, पैसा नाही. या दोन मिनिटांसाठी मी चार वर्षं अन् एक खांदा घालवला.

तिनं मामंजींची काठी चार बोटांहून जास्त कापायला सांगितली. घरी आल्यावर हे करवत हातात घेऊन काठीकडं बघत बसले. "दादांची काठी हाय गं ती." मग ती परत दारामागं गेली, अन् मी बटण दाबून कमीजास्त होणारी ॲल्युमिनियमची आणली. साप मेला, काठीही मोडली नाही. दुकानदार मला चार पायांची घ्या म्हणून मागं लागला होता, ती महाग असते ना. पण तिचे चारही पाय एकदम टेकावे लागतात, चालणं संथ होतं. लकव्यानंतर किंवा तोल फारच जात असेल तर ती कामाची. माझा गुडघा दुखत होता, तोल चांगला होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की काठी हाही एक उपचार आहे, अन् उपचारासारखीच ती लिहून द्यायला हवी. कोणत्या हातात, किती उंच, किती दिवस. गोळी देताना जेवणाआधी की नंतर हे सांगता, मग काठीच्या वेळी "घ्या एखादी" कसं चालेल? अन् हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या अशा संधिवातात चालणं अवघड होत असेल तर काठीची ठाम शिफारस केली आहे. ब्राझीलमध्ये ६४ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दोन महिने रोज काठी दिली, बाकीच्यांना नाही. काठीवाल्यांचं दुखणं कमी झालं, कामं सोपी झाली. त्यातली एक गोष्ट मला फार पटली. पहिल्या महिन्यात काठीनं चालताना जास्त दमायला होतं, दुसऱ्या महिन्याच्या शेवटी शरीर सरावतं. माझंही अगदी तसंच झालं. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाऊन धाप लागायची. लोक तिथंच सोडून देतात अन् "मला नाही जमली" म्हणतात.

पायऱ्यांचं वेगळं गणित आहे, ते मी तुळजापुरात शिकले. बाकी देव डोंगरावर चढायला लावतात, आई भवानीकडं मात्र महाद्वारातून खाली उतरून जावं लागतं. झिजलेल्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे दुखतो त्यालाच कळतं. चढताना चांगला पाय आधी, मग काठी अन् दुखरा. उतरताना काठी अन् दुखरा आधी, चांगला मागून. मी मास्तरीण, मला असं पाठ होत नाही. म्हणून वर्गातलं धरलं. गड चढताना हुशार पोरगं पुढं, उतरताना खोडकर पोरगं पुढं, म्हणजे ते नजरेसमोर राहतं. एका हातात कठडा, दुसऱ्यात काठी, तोंडानं "खोडकर, हुशार, खोडकर, हुशार" म्हणत मी कल्लोळ तीर्थापर्यंत उतरले. मागच्या बाईला वाटलं मी कसलं तरी स्तोत्र म्हणतेय. तिनं हात जोडले.

एसटीची पहिली पायरीही अशीच, हुशार आधी. ती कुणी उंटाच्या मापानं केली आहे देव जाणे. बायकांना अर्धं तिकीट केलं हे फार चांगलं झालं, आता पायरी अर्धी करा.

काठीच्या तळाच्या रबराकडं कुणी बघतच नाही. माझं रबर वर्षभरात एका बाजूनं झिजून गुळगुळीत झालं होतं, जुन्या चपलेच्या टाचेसारखं. ओल्या मोरीत काठी सटकली, नळ हाताशी होता म्हणून वाचले. नवं रबर चाळीस रुपयांना मिळालं, पण त्यासाठी पाच दुकानं फिरावी लागली. काठ्या सगळ्यांकडं होत्या, रबर कुणाकडं नव्हतं. शेवटी एकाच्या फळीमागून धुळीतून निघालं. मी दोन घेतली. एक पर्समध्ये असतं, रुमालात गुंडाळून.

आमच्या मोठ्या जाऊबाई गावाकडं असतात. जन्मभर रानात उकिडवं बसून खुरपणी, चुलीपुढं बसून भाकरी. दोन्ही गुडघे धनुष्यासारखे बाहेर वाकलेत. त्यांना राज्य सरकारच्या वयोश्री योजनेतून ३००० रुपये आले. ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना काठी, चष्मा, पट्टा असल्या वस्तूंसाठी ते असतात. मी विचारलं, "आक्का, काठी आणली का?" तर म्हणाल्या, "आणली की. नातवाला दप्तर आणलं, सोयाबीनला फवारा आणला. काठी काय, बाभळीची तोडून घेतली." ती बाभळीची काठी त्यांच्या खांद्याच्या वर जाते. अन् जास्त दुखतो उजवा गुडघा, तरी धरतात उजव्याच हातात. मी तिथंच शिकवणी घेतली. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, अन् मी रस्त्याला लागले तेव्हा मागं वळून बघितलं तर परत उजव्या हातात.

काठीनं वाटी परत भरून येत नाही. मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम करावाच लागतो. बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली. वजन कमी करावं लागतं. संडासला कमोडची खुर्ची लागते, अन् तिच्यावरून घरात जे बोलणं झालं त्याची एक वेगळी पोस्ट होईल. ज्याचा गुडघा अगदीच गेला त्याला ऑपरेशन करावंच लागेल. २०१७ मध्ये सरकारनं कृत्रिम सांध्याच्या किमतींवर मर्यादा घातल्यापासून तो खर्च थोडा तरी आवाक्यात आला आहे. पण माझं अजून तिथवर आलेलं नाही. रोज सकाळी अर्धा तास चालते. काठी डाव्या हातात असते, अन् या दिवाळीत भिंतीला पट्टा नव्हता.

तर गंजगोलाईत. ती हळहळून झाल्यावर मी मेथी पिशवीत टाकली, अन् तिला काठी दाखवली, बटण दाबून वरखाली करून दाखवली. तिनं हातातला तराजू खाली ठेवला. "बाई, ही कितीला? आमच्या आत्याबाईला लई तरास हाय बगा. भिंतीला धरून धरून चालायल्यात." मी म्हटलं, घेऊ नको लगेच. त्यांना घेऊन ये, अन् येताना रोजची चप्पल घालून आण, नवी नको. बुधवारी आणते म्हणाली. मेथीचे पैसे घेतले नाहीत, मी बळंच टोपलीत टाकले.