मातीचा एक कोपरा सोडा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पुन्हा पेटतो. मुलं पार्किंगमध्ये खेळतात, गाड्यांना चरे पडतात, दुपारी ज्येष्ठांचा डोळा लागत नाही, लिफ्टमध्ये चिखलाचे पाय उमटतात. कुणी दंडाची सूचना मांडतं, कुणी विचारतं, मग पोरांनी मोबाइल घेऊन बसायचं का? दोन-तीन दिवस चकमक चालते आणि शेवटी 'येथे खेळण्यास मनाई आहे' हा फलक लागतो. मी हे बर्लिनमध्ये बसून वाचते. माझी चार वर्षांची मुलगी इथल्या बालवाडीतून रोज खिसाभर वाळू घेऊन घरी येते, त्यामुळे या वादात मला गप्प बसवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की सोसायटीने मुलांसाठी मातीचा एक कोपरा सोडावा.

'तुमच्याकडे जागा आहे, माणसं कमी आहेत,' असं उत्तर मला हमखास मिळतं. पण बर्लिन हे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचंच शहर आहे. इथली खेळायची जागा सगळं बांधून झाल्यावर उरलेली नाही, ती कायद्याने मागून घेतलेली आहे. सहापेक्षा जास्त घरांची इमारत बांधायची तर लहान मुलांसाठी खेळायची जागा ठेवावीच लागते, दर घरामागे ४ चौरस मीटर आणि एकूण किमान ५० चौरस मीटर. आपल्याकडेही नियम आहे. मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्राला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर १० टक्के मोकळी जागा राखायला सांगितलंय. पण त्या जागेत मूल काय करणार, हा विचार कुणी करत नाही. लॉन होतं, त्याभोवती साखळी लागते आणि 'गवतावर चालू नये' अशी पाटी येते.

आवाजाचं तर मला फार महत्त्वाचं वाटतं. जर्मन माणसाला शांतता प्रिय आहे. रविवारी भिंतीत ड्रिल चालवलं तर शेजारी दार ठोठावतात. मुलांच्या कलकलाटावरून बालवाड्यांना कोर्टात खेचल्याचीही उदाहरणं इथे आहेत. म्हणूनच २०११ मध्ये केंद्रीय कायद्यात दुरुस्ती झाली. बालवाडीत, क्रीडांगणात, चेंडू खेळायच्या जागेत मुलं जो आवाज करतात, तो सर्वसाधारणपणे हानिकारक धरायचा नाही आणि त्याला कारखान्यासारख्या डेसिबलच्या मर्यादा लावायच्या नाहीत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. शेजाऱ्याला त्रास होत नाही असं कायदा म्हणत नाही. तो त्रास सोसायचा, एवढंच तो सांगतो. आपल्या सोसायट्यांच्या नियमांत एवढं एक वाक्य आलं, तरी निम्मी भांडणं मिटतील.

आणि खेळ म्हणजे तरी काय? आमच्या घराजवळच्या बागेत हातपंप आहे, त्याखाली लाकडी पन्हळी आणि पुढे वाळू. एक मूल जीव खाऊन पंप मारतं, दुसरं पन्हळीत दगड घालून बांध घालतं, तिसरं खाली खड्डा खणून पाण्याची वाट बघतं. बांध फुटतो, रडारड होते, पुन्हा बांधतात. यात तासभर सहज जातो. आईबाप बाकावर बसलेले असतात आणि सहसा मध्ये पडत नाहीत. पाऊस असला तरी बालवाडी मुलांना बाहेर काढते, प्रत्येकाच्या खुंटीवर रबरी विजार आणि गमबूट असतातच. चढायच्या खेळण्यांची तर मला सुरुवातीला धास्तीच वाटायची. युरोपीय मानकात पडण्याची उंची ३ मीटरपर्यंत चालते, मात्र खाली वाळू किंवा लाकडाच्या ढलप्यांचा पुरेसा जाड थर लागतो. मूल पडणार हे धरूनच सगळं बांधलेलं असतं.

आपल्याकडे पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या गच्चीवर, रबरी फरशी असते, तिच्यावर प्लॅस्टिकची घसरगुंडी आणि दोन झोके. तीन वर्षांचं मूल दहा मिनिटांत कंटाळतं, कारण तिथे त्याला हलवता, ओतता, मोडता येईल असं काहीच नसतं.

हे सगळं जर्मनीकडून शिकायला हवं, असं मात्र मी म्हणणार नाही. दिवाळीचा किल्ला आठवा. दगड-विटांचा ढीग, त्यावर ओलं पोतं, मग चिखलाचा लेप. बोगद्यासाठी फुटका डबा, हिरवळीसाठी हळीव किंवा मोहरी, वर सिंहासनावर महाराज आणि उतारावर मावळे. मोठी पोरं बुरूज रचतात, मधली चिखल कालवतात, सगळ्यात धाकटं तांब्याने पाणी आणतं आणि निम्मं वाटेत सांडतं. वेगवेगळ्या वयाची मुलं एका कामात गुंतावीत म्हणून इथल्या बालवाड्या मुद्दाम मिश्र गट करतात, आपल्याकडे ते गट जिन्यावरच तयार होतात. इथे मुलीला मैत्रिणीकडे न्यायचं तर आठवडाभर आधी वेळ ठरवावी लागते आणि ते मला अजूनही जड जातं. असा किल्ला करणारे आपण, आणि हल्ली बाजारातून प्लॅस्टरचा तयार किल्ला आणून टेबलावर ठेवतो. का, तर पार्किंगमध्ये माती चालत नाही.

लहान मुलांना मोकळ्यावर शिकवण्याची परंपराही आपली आहे. इथल्या जंगलातल्या बालवाड्यांचे व्हिडिओ आपल्याकडे कौतुकाने फिरतात. पण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरवल्या होत्या. मुलं गुरं राखायला जात तिथेच शाळा गेली.

भटकी कुत्री, डास, ऊन या अडचणी खऱ्या आहेत, त्यावरून आईबापांना नावं ठेवू नयेत. मे महिन्यात बाराच्या उन्हात मूल बाहेर पाठवा असं कुणीच म्हणत नाही. पण सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतरचा वेळ असतो. डासांना साचलेलं पाणी लागतं, तेव्हा खेळ संपल्यावर बादल्या उपड्या केल्या की झालं. मातीवर रात्री ताडपत्री टाकली तर कुत्र्या-मांजरांची घाण होत नाही. फाटकाचा आकडा मुलाच्या हाताला न पोहोचेल इतका उंच लावावा. खर्च फार नाही. दोन गाड्यांएवढी जागा, एक ट्रॉली माती, एक नळ, जुनी पातेली, दोऱ्या, फळ्यांचे तुकडे.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि दिवाळी त्यानंतर येते. यंदाच्या विषयपत्रिकेत मातीच्या कोपऱ्याचा ठराव घ्यावा, असं पत्र मी सचिवांना पाठवलं आहे. जागाही सुचवली आहे: पाण्याच्या टाकीमागची, जिथे आता दोन बंद पडलेल्या स्कूटर धूळ खात आहेत.