लाइट कधी येणार, हे न्यूज चॅनेलला का विचारतात?

पावसाळा लागला की आमच्या न्यूजरूममधला फोन बातमीसाठी कमी आणि चौकशीसाठी जास्त वाजतो. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लोकल चॅनेलच्या डेस्कवर काम करते. बुलेटिनचं स्क्रिप्ट, खाली सरकणाऱ्या पट्टीचा मजकूर आणि वेबसाइट, तिन्ही एकाच खुर्चीतून. चॅनेलचं नाव लिहीत नाही. ज्यांनी कधी फोन केलाय ते ओळखतीलच.

वेबसाइटवर 'संपर्क' म्हणून जो नंबर टाकलाय तो या फोनचा. लाइट कधी येणार? कोकणकन्या किती लेट आहे? परशुराम घाट चालू आहे का? उद्या शाळा आहे का? काल रात्रीच्या बातम्यांत आमच्या मुलीचा बक्षीस घेतानाचा शॉट होता, तो परत कुठे बघायला मिळेल? निधनवार्ता द्यायची आहे, पैसे किती? आणि या सगळ्यांच्या वर, रोजचं ठरलेलं: "तुमची बातमी उघडत नाही हो."

आमच्या धंद्यात यांना 'फालतू फोन' म्हणतात. रिपोर्टर उचलत नाहीत, कॅमेरामन तर बघतसुद्धा नाहीत, शेवटी डेस्कवरची बाई उचलते. मला मात्र हे फोन फालतू वाटत नाहीत. राज्याच्या बातम्या लोकांना मोठ्या चॅनेलवर ढीगभर मिळतात. आमच्याकडे ते अडलेलं काहीतरी घेऊन येतात. घाटात एसटी अडकलीय, मुलगी क्लासला गेलीय, आई गावी एकटी आहे. लोकल चॅनेलची वेबसाइट म्हणजे जिल्ह्याची चौकशीची खिडकी, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलंय. आता खिडकीवर कोण बसतं आणि आल्यागेल्याला काय उत्तर मिळतं, एवढाच प्रश्न उरतो. आणि तिथे आम्ही सपशेल नापास आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळेच्या सुट्टीचंच घ्या. जुलैत एखाद्या संध्याकाळी हवामान खातं रत्नागिरीला रेड अलर्ट देतं आणि सातच्या सुमाराला फोन सुरू होतात. 'रेड अलर्ट आहे म्हणजे सुट्टी ना?' असं नसतं. हवामान खात्याचा पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस पडला तर खात्याच्या भाषेत तो 'अत्यंत मुसळधार'. यात शाळेचा शब्द कुठेही नाही. सुट्टी जिल्हाधिकारी देतात, वेगळा आदेश काढून. बहुतेक एकच पान असतं: वर जावक क्रमांक आणि तारीख, मध्ये मजकूर, खाली सही-शिक्का.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता फिरता या पानाचा वरचा भाग कापला जातो. तारीख गेली. मग गेल्या वर्षीचा आदेश यंदा फिरायला लागतो, आणि सही खरी असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. ज्या आईला शंका येते ती खात्री करायला आमच्या साइटवर येते. तिथे तिला दिसतं, 'मोठी बातमी! जिल्ह्यातील सर्व शाळांना उद्या सुट्टी'. कुठला जिल्हा? कुठला उद्या? तारीख असते, नाही असं नाही. मथळ्याखाली फिक्या राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत. गुगलवर शोधलं तर कधीकधी गेल्या वर्षीची बातमीच आधी वर येते. म्हणजे अफवा तपासायला आलेल्या माणसाला आम्ही स्वतःच्या लोगोसकट तीच अफवा परत देतो.

यावर उपाय काय, तर अगदी साधा. सुट्टीची, घाटाची आणि पुराची बातमी दुसऱ्या दिवशी जुनी झाली की तिच्यावर ठळक पट्टी: 'ही बातमी अमुक तारखेची आहे'. आणि मथळ्यातच जिल्हा, तालुका, वार. 'या तालुक्यात' असला मथळा ज्याने पहिल्यांदा शोधून काढला त्याला एकदा भर पावसात कशेडीला उतरवून सांगायला हवं, की या घाटात गाडी येईल, थांबा.

व्हिडिओची तऱ्हा याहून वाईट. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर कोणी विसरलेलं नाही. आता दर पावसाळ्यात वाशिष्ठीचं पाणी जरा चढलं की त्या दिवशीचे व्हिडिओ परत फिरतात. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, गाड्या तरंगताहेत. मग डोंबिवलीहून, नालासोपाऱ्याहून, लालबागहून फोन. आवाज कापत असतो. "ताई, आई एकटी आहे, तिचा फोन लागत नाही, पाणी शिरलंय ना?" फोन लागत नाही कारण लाइट गेलीय आणि टॉवरची बॅटरी उतरलीय, पाणी नदीतच आहे. पण त्या माणसाच्या हातातल्या व्हिडिओवर कोपऱ्यात लोकल चॅनेलचा लोगो आहे, तारीख नाही. लोगोमुळेच त्याने विश्वास ठेवला. लोगोच्या खाली दिवस-महिना-वर्ष कायमचं छापून टाका म्हणून मी कधीची मागे लागलेय. ग्राफिक्सवाल्याचं म्हणणं, फ्रेम खराब दिसते.

पाण्याच्या पातळीलाही हेच लागू. खेडच्या जगबुडीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर. 'जगबुडीने इशारा पातळी ओलांडली' ही बातमी सकाळी साडेसहाची असेल तर नऊ वाजता तिचा अर्थ बदललेला असू शकतो. आमच्या नद्या लांबीला तोकड्या. घाटमाथ्यावर पाऊस थांबला आणि खाडीला ओहोटी लागली की पाणी भराभर उतरतं, आणि भरतीच्या वेळी वरून लोंढा आला की तितक्याच भराभर चढतं. वाशिष्ठीत तर कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणीही येऊन मिळतं. इथे बातमीला तारीख पुरत नाही, वेळ लागते. समुद्राचंही तसंच. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेची उंच लाटांची सूचना येते तेव्हा तिच्यात कुठून कुठपर्यंतचा किनारा, किती मीटरच्या लाटा आणि किती वाजेपर्यंत, सगळं लिहिलेलं असतं. आम्ही ते गाळतो आणि 'मच्छीमारांना सावधानतेचा इशारा' एवढंच ठेवतो. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपून होड्या पाण्यात उतरायच्या तयारीत असताना हर्णैच्या माणसाने या तीन शब्दांचं काय करायचं?

आता 'उघडत नाही' वाल्या फोनांकडे. मालवणकडचे एक काका नेहमी फोन करतात. "बाय, काल सांगितलंस ती बातमी गावणा नाय." त्यांना मी विचारते, काय लिहून शोधलंत? ते गावाचं नाव बोलून टाइप करतात, फोन त्याला वाटेल तसं लिहितो. आमच्या साइटचा सर्च असा की एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की हात वर. देवरुख की देवरूख यावर गावातल्या पाट्यांचंही एकमत नाही, मग सर्चने कशाला हट्ट धरावा? रोमन अक्षरांत गावाचं नाव टाकणाऱ्याला तर काहीच मिळत नाही, आणि मुंबईतली पोरं तसंच टाकतात. त्यात जुन्या बातम्यांचा एक मोठा ढीग युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये किंवा नुसत्या फोटोच्या रूपात चढवलेला. तो डोळ्यांनी वाचता येतो, शोधता येत नाही. काकांना मी सांगते, मथळा सोडा, गुगलवर तालुक्याचं नाव, पुढे आमच्या चॅनेलचं नाव, पुढे महिना-वर्ष टाका. त्यांना सापडतं. म्हणजे माझ्या साइटवरची बातमी शोधायला मी माणसाला साइटच्या बाहेर पाठवते.

तांत्रिक मदत म्हणून लोकांना लागतं ते फार अवघड नसतं. वादळात दोन-चार दिवस लाइट गेली, जुना फोन पूर्ण उतरून बंद पडला, परत चालू केला की त्याची तारीख कधीकधी मागे गेलेली असते. मग ब्राउझर साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र मान्यच करत नाही आणि 'कनेक्शन खाजगी नाही' असल्या इशाऱ्याचं पान दाखवतो. माणूस घाबरतो, म्हणतो हॅक झालं. सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ 'आपोआप' वर केली की झालं. कोणाला आमच्या नोटिफिकेशनचा वैताग आलेला असतो: पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर बोट, 'परमिशन्स', 'नोटिफिकेशन्स', बंद. मी स्वतःच्या चॅनेलची नोटिफिकेशन बंद करायला शिकवते हे मालकांना कळलं तर कळू दे. रात्री अकराला कुठल्या तरी नटीच्या लग्नाची घंटा वाजवली की लोक ती बंद करतात, आणि मग घाट बंद झाल्याची घंटा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

खरी भीती जाहिरातींची वाटते. बातमीच्या व्हिडिओखाली तसाच बाण असलेली जाहिरात, तिच्याखाली हिरवं 'डाउनलोड'. ज्यांना फोन हातात घेऊन फार दिवस झालेले नाहीत त्यांना व्हिडिओ कुठला आणि जाहिरात कुठली हे कळत नाही. भलतंच अ‍ॅप उतरतं, आणि पुढे बँकेपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. जाहिरातींवर पगार निघतो, माझाही निघतो, हे मला समजतं. पण बाजारातल्या भाऊंच्या फर्निचरच्या दुकानाची जाहिरात आणि ही जाहिरात यात फरक करता येतो. भाऊंचं दुकान कुठे आहे हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्याशी जाऊन भांडता येतं.

मध्यंतरी मी मुद्दाम अमेरिकेतल्या लहान शहरांच्या टीव्ही स्टेशनांच्या वेबसाइट बघितल्या. दिखाऊपणा तिथेही आहे, जाहिराती आपल्याहून जास्त. पण बर्फ पडतो त्या भागातल्या साइटवर 'शाळा बंद' ची वेगळी यादी असते, शाळेच्या नावानिशी. तळाशी 'पब्लिक फाइल' ची लिंक असते; स्टेशनने राजकीय जाहिराती कोणाला विकल्या, गावाच्या प्रश्नांवर कुठले कार्यक्रम केले, हे तिथे कोणीही उघडून बघावं. ऐकू न येणाऱ्यांसाठी पडद्यावर अक्षरं येतात, ती बिघडली तर कुठे कळवायचं तेही लिहिलेलं. ही फाइल आणि ही अक्षरं चांगुलपणाने आलेली नाहीत. टीव्ही स्टेशनांना परवाने देणारा तिथला एफसीसी हा सरकारी आयोग हे करायला लावतो. आमच्यासारखे केबलवरचे चॅनेल त्या जातीचे नाहीत, कबूल. तरी आपल्याकडेही २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत डिजिटल बातम्या देणाऱ्याने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, त्याचा संपर्क साइटवर दिसेल असा ठेवावा, १५ दिवसांत निर्णय द्यावा असं लिहिलंय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातल्या आचारसंहितेच्या तरतुदींना स्थगिती दिली, आणि सरकारचा हात माध्यमांच्या मानेवर नको हे मलाही पटतं. पण चूक कुठे कळवायची त्याचा एक नंबर लावायला कुठल्या कोर्टाने अडवलंय?

मालकांचं म्हणणं मी पूर्ण ऐकून घेतलंय. 'आपण काय कॉल सेंटर आहोत का? लाइटचं महावितरणला विचारा, गाडीचं रेल्वेला विचारा.' बरोबर आहे, पण हेच वाक्य साइटवर नीट लिहिलं तर निम्मे फोन तिथेच मिटतील. विजेसाठी १९१२. रेल्वेसाठी १३९. दरड, पूर, झाड पडलं तर जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. समुद्रात होडी अडचणीत असेल तर तटरक्षक दल १५५४. पोलिस, रुग्णवाहिका, काहीही तातडीचं असेल तर ११२. मोठ्या अक्षरांत, बोट ठेवलं की फोन लागेल असं, आणि व्हिडिओविना, म्हणजे एका काडीच्या रेंजमध्येही उघडेल. राजापूरच्या आत किंवा मंडणगडच्या टोकाला ज्यांची घरं आहेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

उरलेले निम्मे फोन मला हवेतच. एकाच वाडीतून लाइटचे फोन यायला लागले की तिथला ट्रान्सफॉर्मर गेलेला असतो, आणि ते आम्हाला कुठल्याही प्रेसनोटच्या आधी कळतं. घाटाचं विचारणारा ट्रकवाला घाटातूनच बोलत असतो. त्याला उत्तर देता देता दरड नेमकी कुठल्या वळणावर आलीय हे तोच सांगून जातो. आमचे रिपोर्टर ज्याला 'सूत्र' म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

तर या गणपतीच्या आत एक 'चौकशी' नावाचं पान वर आलं पाहिजे, असं मी मालकांना लेखी दिलंय. चाकरमानी निघायच्या आधी. त्यात हे नंबर, आज कुठले घाट चालू आणि अवजड गाड्यांना कुठले बंद, शेवटचं कधी तपासलं ती वेळ, कालचं बुलेटिन कुठे बघायचं, निधनवार्ता कशी द्यायची, बातमीत चूक असेल तर कोणाला सांगायचं. लिहायचं मी, दिवसातून तीनदा बदलायचं मी, वर पगार मागितलेला नाही. डेव्हलपर पुण्याला असतो. त्याचं उत्तर आलंय की मेन्यूत जागा नाही. जागा आहे. 'व्हायरल' नावाचा एक रकाना आहे, त्यात काल अजगराने शेळी गिळल्याचा व्हिडिओ होता, तोही ब्राझीलचा. तो काढा.