मुहूर्ताचं घड्याळ गोल दिसलं पाहिजे : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका नमस्कार. तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली, पण घाईघाईत दोन ओळी खरडायच्या नव्हत्या, कारण तुमचा एक मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि दोन मला अजिबात पटलेले नाहीत. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काकांनी मुलीच्या २००६ सालच्या लग्नाची डीव्हीडी डीव्हीडीची फाइल कशी करायची यावरच्या माझ्या लेखात दिल्याप्रमाणे हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एमपीफोर व्हिडिओ फाइल केली, पेनड्राइव्हवर टाकून ४३ इंची टीव्हीला लावली, तर नवरी, नवरा, भटजी सगळेच आडवे सुजल्यासारखे दिसायला लागले. मग टीव्हीवर झूम केलं तर डोकी कापली गेली. त्यामुळे त्यांचं म्हणणं की माझी पद्धतच चुकीची आहे, डीव्हीडी मुळात ७२० बाय ५७६ असताना मी ७६८ नि १०२४ हे आकडे कुठून काढतो, ही फाइल उगाच फुगवणं आहे, आणि बाजूला काळ्या पट्ट्या ठेवून अर्धा टीव्ही वायाच घालवायचा तर मोठा टीव्ही घेतला कशाला.

पहिला मुद्दा मान्य. मी लेखात हँडब्रेकमधलं अ‍ॅनामॉर्फिक हे सेटिंग 'ऑटोमॅटिक'वर राहू द्या असं लिहिलं होतं आणि तिथेच थांबलो होतो, ते अपुरं होतं. त्या सेटिंगने चित्र ७२० बाय ५७६ च्या आसपासच राहतं आणि फाइलमध्ये फक्त एक सूचना लिहिली जाते की बाबा हे ४:३ मध्ये (चार भाग रुंद, तीन भाग उंच) दाखव. कॉम्प्युटरवर व्हीएलसी हा प्लेयर ती सूचना पाळतो, पण टीव्हीच्या यूएसबी प्लेयरचा भरवसा नाही, काही टीव्ही ती पाळतात, काही तिच्याकडे बघतच नाहीत, आणि काही तर आत काय आहे याची फिकीर न करता सरळ स्क्रीनभर ताणतात. तुमच्याकडे बहुतेक हे शेवटचं झालंय. म्हणजे तुमचा अख्खा रविवार माझ्या अर्धवट लिहिण्यामुळे गेला, त्याबद्दल मनापासून सॉरी, लेखात दुरुस्ती केली आहे.

आता आकड्यांचं. ७२० ला ५७६ ने भागून बघा, १.२५ येतं. ४:३ म्हणजे १.३३ आणि आजच्या टीव्हीचं १६:९ म्हणजे १.७८, मग १.२५ यातलं कुठलंच नाही, बरोबर? कारण डीव्हीडीवरचे पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, चौरस नसतातच. आपल्याकडच्या पाल (आपल्या टीव्हीच्या पद्धतीच्या) डिस्कवर ४:३ असो की १६:९, चित्र साठवलेलं असतं त्याच ७२० बाय ५७६ मध्ये, आणि दाखवताना ते किती रुंद करायचं हे डिस्कवरच्या त्या सूचनेवर ठरतं. उंची ५७६ तशीच ठेवून चौरस पिक्सेल करायचे तर ४:३ साठी रुंदी होते ७६८ आणि १६:९ साठी १०२४. आकडे तिथून येतात. उलट रुंदी ७२० ठेवून उंची ५४० करता येते, फाइल जरा लहानही होते, पण मग ५७६ ओळींतल्या ३६ ओळींचा तपशील आपण हाताने घालवला, आणि जुन्या शूटिंगमध्ये मुळात आहेत किती ओळी हो! त्या जपायला नकोत? फाइलच्या साइजचं म्हणाल तर हँडब्रेकमधला क्वालिटीचा आकडा आरएफ २० वर ठेवलात की रुंदी वाढवल्याने फार फरक पडत नाही, कारण नवीन तपशील काही आलेला नसतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका, डीइंटरलेस (अर्धी चित्रं सोडवून पूर्ण करणं) आधी. त्या काळातलं लग्नाचं शूटिंग सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं असतं, ते न सोडवता उंची बदलली की अक्षता टाकणाऱ्या हातांवर कंगव्यासारख्या रेघा येतात आणि त्या कायमच्या फाइलमध्ये बसतात, मग निघत नाहीत.

काळ्या पट्ट्यांवर तर मी भांडणार. अर्धा टीव्ही नाही काका, बरोबर पाव टीव्ही. ४३ इंची स्क्रीन साधारण ९५ सेंमी रुंद असते, त्यात ४:३ चित्र ७१ सेंमी घेतं, म्हणजे दोन्ही बाजूंना १२-१२ सेंमी काळं. ते भरायला तुम्ही ताणलंत तर प्रत्येक माणूस एक तृतीयांश रुंद होतो, झूम केलंत तर ५७६ पैकी १४४ ओळी जातात, वरच्या ७२ आणि खालच्या ७२. लग्नात वरच्या ओळींत काय असतं? मुंडावळ्या, आंतरपाटाच्या वर दिसणारी डोकी. खाली सप्तपदीची पावलं. टीव्ही भरण्यासाठी हे कापायचं? माझ्या मनाला नाही पटत. जुने कृष्णधवल सिनेमेही असेच, ते १.३७ च्या आसपास काढलेले, ते बघताना पट्ट्या आल्या म्हणजे चित्र पूर्ण दिसतंय असंच समजायचं.

पण सगळ्या पट्ट्या सारख्या नसतात, आणि हे लेखात ठळक लिहायला हवं होतं. आपल्याकडच्या बऱ्याच सिनेमांच्या डीव्हीडीत वरखालच्या पट्ट्या चित्रातच छापलेल्या असतात, ४:३ च्या चौकटीत रुंद चित्र बसवलेलं. अशी डिस्क आजच्या टीव्हीवर लावली की वर, खाली, डावीकडे, उजवीकडे चारही बाजूंनी काळं आणि मधे पोस्टाच्या तिकिटाएवढा सिनेमा. तिथे जरूर क्रॉप करा, म्हणजे कडा कापा, वरून ७२ खालून ७२ काढलेत की उरलेलं ७६८ बाय ४३२ करा, टीव्ही काठोकाठ भरेल आणि कोणी सुजणारही नाही. सिनेमास्कोप (याहूनही रुंद चित्र) असेल तर जास्त काढावं लागतं, प्रीव्ह्यूत बघून ठरवा, रात्रीचा सीन असेल तर ऑटोमॅटिक क्रॉप फसू शकतो.

तुमच्या डिस्कची सूचना मुळातच चुकीची नाही ना, हेही आधी तपासा. आमच्या मावशीच्या लग्नाची कॉपी ज्याने करून दिली त्याने ४:३ शूटिंगवर १६:९ लिहून ठेवलं होतं. ओळखलं कसं, तर मुहूर्ताच्या वेळी कॅमेरामन कार्यालयाच्या भिंतीवरच्या घड्याळाचा क्लोजअप घेतोच घेतो. तिथे पॉज केलं आणि शिंप्याची टेप स्क्रीनला लावली, उंची १८ सेंमी, रुंदी २४. बारा आणि सहाच्या मधलं अंतर कमी, नऊ आणि तीनच्या मधलं जास्त, काटे बारा एकोणीसवर. औक्षणाचं ताट मोजू नका, ते तिरपं धरलेलं असतं त्यामुळे फसवतं, घड्याळ समोरून दिसतं. ही फाइल ४:३ ची म्हणून पुन्हा बनवली आणि मावशी तिच्या चेहऱ्याची दिसायला लागली. बघता बघता म्हणाली, "अगं बाई, ही तर आईच." आजी तीन वर्षांपूर्वी गेली. ताणलेल्या फाइलमध्ये ती एवढे दिवस कोणाला ओळखूच आली नव्हती. म्हणून मी या पट्ट्यांसाठी इतकं लिहितो.

तर तुमच्यासाठी असं करा. डिस्क आधी कॉम्प्युटरवर व्हीएलसीत लावा, घड्याळ गोल असेल तर डिस्क ठीक आहे. मग हँडब्रेकच्या डायमेन्शन्समध्ये अ‍ॅनामॉर्फिक 'नन', क्रॉप 'नन', 'अलाउ अपस्केलिंग'ला टिक, साइज ७६८ बाय ५७६. टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये 'ओरिजिनल' किंवा '४:३' असा पर्याय असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल, तर बॉर्डरमध्ये दोन्ही बाजूंना १२८-१२८ पिक्सेल काळे भरून फाइलच १०२४ बाय ५७६ करा, मग टीव्हीने कितीही स्क्रीनभर दाखवलं तरी माणसं बिघडणार नाहीत. आधी पाच मिनिटांचाच तुकडा करून बघा, आख्ख्या अडीच तासांना हात घालू नका. आणि डिस्कची आयएसओ (डिस्कची हुबेहूब नक्कल असलेली एक फाइल) काढून हार्डडिस्कवर ठेवा, वीस वर्षांची डिस्क आहे ती, अजून वाचली जातेय तोवर आजच काढा. घड्याळाची उंची-रुंदी किती आली ते इथेच लिहा, मी बघतो.