सुईला हात लावायचा नाही म्हणजे नाही!

छोट्या मॉडेल विमानाचं इंजिन जरा अडखळलं की कोणीतरी वाकून कार्बोरेटरची, इंधन कमी-जास्त करणारी सुई फिरवतोच. "थोडी कस ना भाऊ, पेट्रोल जास्त जाऊन रायलं!" अरे, यात पेट्रोल नसतंच! मिथेनॉल, एरंडीचं तेल आणि थोडं नायट्रोमिथेन असतं. फवारणी पंपाचा कार्बोरेटर खोलला म्हणजे विमानाचं ग्लो इंजिन कळलं असं होत नाही. पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्याही आत. मग इंधन जास्त जाणारच, धूर दिसणारच. धूर दिसला म्हणून सुई आवळायची? वंगणाचं तेल त्याच इंधनातून येतं ना! ४५ अंशांच्या उन्हात लीन, म्हणजे कमी इंधनावर चाललेल्या इंजिनाचा पिस्टन खरवडून निघतो. नवा आणायचा कुठून? तालुक्याच्या गावात इंधन पेटवणारा साधा ग्लो प्लग मिळत नाही!

ऊन वाढलं की हवा विरळ होते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन जास्त होतं, हे मान्य. डिसेंबरच्या सकाळी लावलेली सुई मे महिन्यात थोडी आत घ्यावी लागते. पण क्लिक-क्लिकनं! अर्धा-अर्धा फेरा कायले?

आणि बहुतेक वेळा दोष सुईचा नसतोच. टाकीच्या आतली सिलिकॉनची नळी चिरलेली असते. बाहेरून काही दिसत नाही, पण इंधनासोबत हवा ओढली जाते आणि विमानाचं नाक वर केलं की इंजिन मरतं. मग हे लोक सुई सैल करतात. जमिनीवर धूरच धूर, वर गेलं की पुन्हा बंद, आणि विमान कोणाच्या तरी पऱ्हाटीत! प्लग जुना झाला, मागच्या झाकणाचं गॅस्केट गेलं, पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डब्यातल्या मिथेनॉलनं हवेतलं पाणी ओढलं, यातलं काही तपासायचं नाही. सगळा राग त्या सुईवर.

फुल थ्रॉटलवर इंधनाची नळी क्षणभर चिमटीत दाबून पाहा ना! आवाज आधी किंचित चढून मग पडला तर मिश्रण थोडं रिच आहे, म्हणजे ठीक आहे. दाबताच पडला तर लीन. कान देऊन ऐकलं की कळतं, पण तेवढा धीर कोणाला आहे?

वर हे सगळं पंख्याच्या समोर वाकून! मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही, बोट मात्र तोडतो. मागून जा. पोरांनाही मागे घ्या. कितीदा ओरडून सांगायचं?